कृषी सल्ला: जुनी कॉफी बाग मुलाच्या हाती देताना

प्रश्न: वडिलांनी लावलेल्या अरेबिकाला तीस वर्षे झाली. एका वर्षी भरघोस पीक येते, दुसऱ्या वर्षी फांद्या वाळतात. दुकानदार खत दुप्पट करून टॉनिक मारा म्हणतो. मुलाला सगळी बाग उपटून नवी लावायची आहे. काय करावे?

उत्तर: दोन्ही करू नका.

अरेबिका मागच्या हंगामात वाढलेल्या लाकडावर फळते. एकदा फळलेले पेर पुन्हा फळत नाही, म्हणून दरवर्षी नवी वाढ हवी. छाटणी न केलेले झाड एका वर्षी फळांनी लदते आणि सगळा साठा फळांनाच देते. मग नवी वाढ थांबते आणि शेंडे मरतात. नुसते खत दुप्पट केल्याने हे थांबत नाही. उलट अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरात असतात, कोरड्या मातीत जास्त नत्र पडले की तीच करपतात. दुकानदाराला गोणी खपवायची आहे, मुळे तुमची जातात. खत माती परीक्षणाप्रमाणे, तीन-चार हप्त्यांत आणि वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) असतानाच द्या. ते बुंध्याशी न टाकता फांद्यांच्या घेराखाली टाका. मातीचा सामू (pH) 5.5 च्या खाली असेल तर आधी चुना द्या. चुना आणि युरिया एकदम टाकाल तर नत्र हवेत उडेल. मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या. टॉनिक घेऊच नका.

आता मुलाचे. नवे रोप फळायला साधारण तीन वर्षे घेते, तोवर घर कशावर चालवणार? बागेचे पाच भाग पाडा आणि दरवर्षी एकाच भागाची खुंट छाटणी करा. तोडणी संपल्यावर, पावसाआधी, जमिनीपासून 30 ते 45 सेंमीवर करवतीने तिरका काप घ्या. कुऱ्हाड नको, तिने खोड चिरते आणि चिरेत पाणी मुरून कुजते. कापावर लगेच बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचे) लावा. फुटवे वीतभर झाले की दोन-तीन जोमदार, एकमेकांपासून लांब असलेले ठेवा, बाकी काढा. ही विरळणी टाळली तर छाटणी फुकट गेली, आणि बऱ्याच बागांत ती टाळलेलीच दिसते. त्या वर्षी बागेतल्या सावलीच्या झाडांची वरची सावली एकदम उघडी करू नका. थोडे पीक दुसऱ्या वर्षी, भरीव तिसऱ्या वर्षी मिळते. खोडकिड्याने पोखरलेली किंवा मूळ कुजलेली झाडे मात्र छाटू नका, उपटा. वाणच रोगाला बळी पडणारा असेल तर त्या भागात पुनर्लागवड हाच उपाय आहे.

पुनर्लागवडीसाठी अनुदान घेणार असाल तर आधी अर्ज, मग पाहणी, मग तोड. उपटलेली झाडे मोजता येत नाहीत.

प्रश्न: पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसते. दुकानदाराने आंतरप्रवाही (झाडात शोषले जाणारे) बुरशीनाशक दीडपट मात्रेने दिले.

उत्तर: हा तांबेरा. मात्रा वाढवू नका. लेबलवर लिहिली आहे तेवढीच मात्रा घ्या. तेच औषध दर फवारणीला वापरले तर बुरशी त्याला सरावते. बोर्डो मिश्रण घरी करा आणि रोग दिसायच्या आधी, पावसाच्या तोंडावर फवारा. अर्धा टक्का पुरेसे आहे: मोरचूद (कॉपर सल्फेट) 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 200 लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवा आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, उलट नको. चकचकीत लोखंडी पाते बुडवून पाहा; तांबूस थर चढला तर चुना वाढवा. त्याच दिवशी संपवा. फवारा पानाच्या खालून बसला पाहिजे, कारण बुरशी तिथूनच शिरते. वरवर मारलेले औषध वाया जाते.

प्रश्न: मोकळ्या जागी घरच्या बियांची रोपे चालतील का?

उत्तर: अरेबिका स्वपरागित आहे, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळते. संकर नसलेल्या, निरोगी आणि सतत फळणाऱ्या झाडाचे ताजे बी चालते. संकरित वाणाचे बी नको. कॉफीची दुसरी जात रोबस्टा परपरागित (दुसऱ्या झाडाच्या परागाने फळणारी) असल्याने बियांपासून झाडे सारखी येत नाहीत. तिथे कलमे लावा, पण एकाच मातृवृक्षाची नकोत, नाहीतर फळधारणा होणार नाही.

प्रश्न: फळांना टोकाशी बारीक भोक पडते. कोणते औषध?

उत्तर: भुंगेरा एकदा दाण्यात शिरला की फवारणी त्याच्यापर्यंत पोचत नाही. दुकानदार तरी बाटली पुढे करेल, घेऊ नका. शेवटच्या तोडणीनंतर झाडावरचे आणि जमिनीवरचे एकेक फळ वेचा, उकळत्या पाण्यात बुडवा किंवा खोल पुरा. पुढच्या हंगामाची कीड याच राहिलेल्या फळांत असते. सुकवलेल्या कॉफीत ओलावा 11 टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर कोठारातही तीच कीड वाढेल.