मिनिटांचा तक्ता

“ताई, कॉलेजने याला शिष्यवृत्ती दिली, ती काय बेंचवर बसून टाळ्या वाजवायला?”

पहिल्याच फोनवर आईने हे विचारलं आणि पुढे तिला बोलवेना. मी ओहायोत समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्यांत मराठी कुटुंबं बरीच असतात, आणि ‘बरोबरीची मुलं कुठल्या कुठे गेली, आमचाच मागे राहिला’ हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. कुणाचा मुलगा मेडिकलच्या प्रवेशासाठी तिसऱ्यांदा तयारी करत असतो, कुणाची मुलगी पीएचडी अर्धवट टाकून घरी परतलेली असते. या घरात काळजीचं कारण बास्केटबॉल होतं. त्या आईला जे सांगितलं ते इतरांनाही उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला घरात बाळू म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

बाळू तेव्हा 21 वर्षांचा होता, उंची 6 फूट 10 इंच. आई-वडील इचलकरंजीकडचे. आठवी-नववीत तो असा काही वाढला की शाळेच्या बास्केटबॉल कोचने त्याला वर्गातून उचलून जिममध्ये नेलं. तोवर त्याने चेंडू हातात धरला नव्हता. पुढे पहिल्या डिव्हिजनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सर्वांत वरच्या गटातल्या, एका मध्यम कॉलेजने त्याला सेंटर म्हणून, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू म्हणून घेतलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सत्कार झाला, फोटो निघाले. आता तिसरं वर्ष चालू होतं आणि सामन्यामागे त्याच्या वाट्याला सरासरी चार मिनिटं येत होती.

तो माझ्या खोलीत आला तेव्हा सवयीने मान खाली घालून दारातून शिरला. खुर्चीत बसल्यावर गुडघे टेबलाच्याही वर आले. माझं लक्ष गेलं त्याच्या हातांकडे. उजव्या हाताच्या दोन बोटांना जोडून पांढरी टेप गुंडाळली होती. त्या दिवशी सामना नव्हता, सरावही नव्हता. टेप कशाला, असं विचारलं तर म्हणाला, “सवय आहे. कोचने कधीही नाव घेतलं तर हात तयार हवेत.” बोलता बोलता तो त्या टेपची कड नखाने उचकटायचा आणि पुन्हा अंगठ्याने दाबून बसवायचा. पाऊण तास हेच चाललं होतं.

झोप, जेवण, जगण्याचा कंटाळा येतो का, हे मी अशा प्रत्येक मुलाला पहिल्या भेटीतच सरळ विचारते. पालकांनीही विचारावं, विचारल्याने काही वाईट होत नाही. बाळू झोपत होता, खात होता. पण सामना संपल्यानंतरच्या तासाला तो घाबरत होता.

“बाबांचा फोन येतो,” तो म्हणाला. “ते आधी मिनिटं सांगतात. ‘आज तीन मिनिटं चाळीस सेकंद.’ मग विचारतात, जेवलास का.”

वडिलांनी लॅपटॉपवर एक तक्ता केला होता. प्रत्येक सामन्याची तारीख, प्रतिस्पर्धी, बाळूची मिनिटं. पाचपेक्षा कमी असली की रकाना लाल. दोघं मला भेटायला आले तेव्हा त्यांनी तो उघडून दाखवला. तीन वर्षांचा तक्ता, वरपासून खालपर्यंत लाल. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. ते इंजिनिअर, काळजी वाटली की मोजायला लागतात. पण मुलाने तो तक्ता सुट्टीत घरी असताना पाहिला होता, आणि पाहिल्याचं कुणाला बोलला नव्हता.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. पहिल्या दोन भेटींत मी आईच्याच बाजूने विचार करत होते. खेळ सुटला तर पुढे काय, मास्टर्स कधी, अर्ज केव्हा भरायचे, हेच मी त्याला विचारत राहिले. तो नम्रपणे उत्तरं देत होता आणि माझ्यापासून लांब जात होता. मला बास्केटबॉल कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्यात मुलगा नापास झाला असं मी गृहीत धरलं होतं. मग मी त्यालाच म्हटलं, तुझं काम काय असतं ते मला शिकव. त्या दिवशी तो पहिल्यांदा पुढे वाकून बसला. माझ्या टेबलावरची पेनं, स्टेपलर, चहाचा कप मांडून त्याने मला सेंटर काय करतो ते दाखवलं. तिथून पुढे मी वाचलं, सामने पाहिले, आणि उंच मुलं उशिरा का पिकतात ते उलगडत गेलं.

चेंडू टप्पे देत आणणारा बुटका मुलगा सहाव्या-सातव्या वर्षापासून अंगणात एकटा सराव करू शकतो. उंच मुलाला खेळायला लावलं जातं तेच मुळी उंची आल्यावर, म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षी. त्यातून हाडं आधी लांबतात, स्नायू मागून भरतात. हात-पाय आपल्याला किती पुरतात याचा अंदाज शरीराला नव्याने बसवावा लागतो. विशीतही अंग भरत राहतं. शिवाय सेंटरचं काम दुसऱ्यांवर अवलंबून. कुणीतरी चेंडू दिला तर तो बास्केटजवळ काही करणार. बचावात त्याला पाठीमागून पळणारा खेळाडू आणि समोरचा चेंडू दोन्हींवर नजर ठेवायची असते, आणि ही नजर सामने खेळूनच येते. सामने मात्र मिळत नाहीत, कारण कॉलेजच्या खेळात पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि बास्केटसमोर उभ्या राहणाऱ्या कच्च्या मुलाकडून फाउल भराभर होतात. पहिल्या अर्ध्यात दोन झाले की कोच त्याला बसवून ठेवतो. खेळला नाही म्हणून शिकला नाही, शिकला नाही म्हणून खेळवत नाहीत, असा फेरा. त्यात कॉलेजच्या हंगामात आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त सक्तीचा सराव घ्यायचा नाही असा नियम आहे. बाळूला वर इंजिनिअरिंगचे वर्गही होते. व्यावसायिक खेळाडूला दिवसभर हेच काम. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त वेळ लागणार, त्याला कॉलेजात सर्वांत कमी वेळ मिळतो.

मार्क ईटनची गोष्ट मी बाळूकडूनच ऐकली. कॅलिफोर्नियातला 7 फूट 4 इंचांचा हा माणूस शाळा संपल्यावर मोटार मेकॅनिक झाला होता. विशीत असताना सायप्रेस या कम्युनिटी कॉलेजातले सहायक कोच टॉम लुबिन यांनी त्याला गॅरेजमध्ये हेरलं आणि मनवून पुन्हा खेळायला आणलं. तिथून तो यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गेला, पण तिथे बेंचवरच. शेवटच्या वर्षी पूर्ण हंगामात 11 सामने, आणि एकूण मिनिटं पन्नासच्याही आत. यूसीएलएत असताना एकदा तो बुटक्या, चपळ खेळाडूंमागे धावून धापा टाकत उभा होता. एके काळचे नामवंत सेंटर विल्ट चेंबरलेन तिथे होते. त्यांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं की ही पोरं तुझ्या हाती कधीच लागणार नाहीत, तुझं काम बास्केटपाशी उभं राहून ते राखायचं आहे. ईटन हा प्रसंग पुढे आयुष्यभर सांगत असे. 1982 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, युटा जॅझ या संघाने त्याला चौथ्या फेरीत, 72 व्या क्रमांकावर घेतलं. 1984-85 च्या हंगामात त्याने 456 ब्लॉक केले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी बास्केटकडे फेकलेले चेंडू हवेतच अडवले, सामन्यामागे साडेपाचच्या वर. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

“मग तुझं बास्केट कुठलं?” मी बाळूला विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मी सगळं करायला जातो. लांबून शूट करतो, ड्रिबल करतो. चार मिनिटांत सगळं दाखवायचं असतं ना.”

तिथे आमचं खरं काम सुरू झालं. सामन्यात किती मिनिटं मिळणार हे त्याच्या हातात नव्हतं. मिळालेल्या मिनिटांत आणि रोजच्या सरावात काय करायचं, ते होतं. त्याने तीन गोष्टी निवडल्या: साथीदारासाठी स्क्रीन लावणं, म्हणजे त्याला वाट मोकळी व्हावी म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत पाय रोवून उभं राहणं, रिबाउंडच्या, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडण्याच्या आधी प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून ठेवणं, आणि बचावात मागून ओरडून सगळ्यांना सांगत राहणं. या तिन्हींची नोंद स्कोअरबोर्डवर होत नाही. एका छोट्या वहीत तो रोज रात्री त्या लिहू लागला. सरावाच्या नोंदीही त्यात होत्या, आणि सराव तर त्याला रोज पूर्ण मिळत होता.

आई-वडिलांशी बोलणं जास्त अवघड गेलं. आपल्याकडे दहावी, बारावी, प्रवेश परीक्षा अशी वयाची घड्याळं मनात पक्की बसलेली असतात, परदेशात वीस वर्षं काढली तरी ती चालूच राहतात. वडिलांना मी एवढंच सांगितलं, “सामन्यानंतरच्या फोनवर मिनिटं सांगायची नाहीत. त्याला ती माहीत असतात.” त्यांनी विचारलं, “मग काय बोलू?” हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. बापलेकांचं बोलणं त्या एका आकड्यावर येऊन थांबलं होतं. मी म्हटलं, आज स्क्रीन किती लावल्या ते विचारा. ते म्हणाले, स्क्रीन म्हणजे काय ते मला माहीत नाही. मी म्हटलं, हेच त्याला सांगा, तो शिकवेल. मलाही शिकवलंय.

आईने मला एक प्रश्न विचारला, तो रास्त होता. “ताई, तुम्ही त्याला त्या ईटनच्या आशेवर तर ठेवत नाही ना?” नाही. अशी उदाहरणं थोडी असतात म्हणूनच ती सांगितली जातात. बेन वॉलेसला 1996 च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही, आणि पुढे चार वेळा तो एनबीएचा सर्वोत्तम बचाव खेळाडू ठरला, हे खरं. पण सतनाम सिंगला 2015 मध्ये डॅलसने 52 व्या क्रमांकावर घेतलं, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू, आणि तरी एनबीएच्या हंगामातला एकही सामना त्याला मिळाला नाही. भारतीय वंशाचा कॅनेडियन सिम भुल्लर एनबीएत तीन सामने खेळला, आणि नंतर तैवानमध्ये त्याचा जम बसला. व्यावसायिक बास्केटबॉल म्हणजे फक्त एनबीए नव्हे. युरोपात, आशियात शेकडो क्लब आहेत, तिथे माणसं खेळून पोट भरतात, हे त्या घरात कुणी मोठ्याने बोललंच नव्हतं.

कॉलेज संपताना चौघं एकत्र बसलो आणि दोन वर्षं ठरवली. उशिरा फुलणाऱ्या मुलाच्या आई-वडिलांनी अशी मुदत मुलाबरोबर बसून, कागदावर ठरवावी असं माझं मत आहे. नुसतं ‘बघू किती दिवस जमतंय ते’ म्हटलं की रोजचा दिवस परीक्षेचा होतो. आमच्या कागदावर तीन ओळी होत्या. राहण्या-जेवण्याचा खर्च त्याने स्वतः भागवायचा. गुडघ्यांची तपासणी वर्षातून एकदा. आणि दर सहा महिन्यांनी स्वतःला एकच विचारायचं, मागच्या वेळी येत नव्हतं असं आता काय येतं? या प्रश्नाला सलग दोनदा उत्तर सापडलं नाही तर थांबायचं, मुदत उरली असली तरी. कागदावर सह्या झाल्या. आईने तो फ्रिजवर लावला.

ड्राफ्टच्या रात्री बाळूचं नाव येणार नव्हतं, ते त्यालाही माहीत होतं. तो जर्मनीतल्या खालच्या श्रेणीच्या एका क्लबकडे गेला. छोटं गाव, क्लबने दिलेली एक खोली, थोडा पगार आणि एक सायकल. सायकलची सीट शेवटपर्यंत वर केली तरी गुडघे हँडलला लागायचे. पहिला हिवाळा वाईट गेला. दोनदा त्याने मला रात्री अडीचला फोन केला, एकदा नुसताच रडला. मी त्याला परत ये म्हटलं नाही, तिथेच राहा असंही म्हटलं नाही. वही काढ म्हटलं. तिथला कोच स्वतः एके काळी सेंटर होता. तो सराव संपल्यावर रोज अर्धा तास बाळूला चेंडूशिवाय उभं करायचा आणि फक्त पावलं करून घ्यायचा. समोरचा बास्केटकडे निघायच्या आत आपण तिथे पोहोचलेलं असायचं, उडी नंतर. सहा महिन्यांनी त्या प्रश्नाखाली बाळूने लिहिलं, ‘आता घाई होत नाही.’

दुसऱ्या वर्षी फाउल निम्म्यावर आले. आता तो 26 वर्षांचा आहे आणि एक श्रेणी वरच्या क्लबमध्ये सुरुवातीच्या पाचात खेळतो. एनबीएचा विषय घरात निघत नाही. फ्रिजवरच्या कागदाची मुदत संपली, नवीन कागद लागला, त्यावर आता गुडघ्यांची ओळ पहिली आहे.

तक्ता वडिलांनी पुसलेला नाही. मला मागच्या महिन्यात दाखवला. मिनिटांचा रकाना आहे तसाच आहे, पण आता लाल रंग कशालाच नाही. शेजारी एक नवा रकाना आहे. सामना ओहायोत दुपारी दिसतो, शनिवारी असला की दोघं जेवणं आटोपून लॅपटॉपसमोर बसतात. मोजायचं काम आईकडे आहे, कारण वडिलांची नजर अजून चेंडूमागे जाते. ती चेंडूकडे बघतच नाही. बाळू पाय रोवून, हात छातीशी घेऊन उभा राहिला की ती बोट उचलते आणि म्हणते, “लिहा, स्क्रीन.”