कर्ज काढण्याआधी मुलाला विचारलंत का?

प्रश्न : मुलगा बी.ई. इलेक्ट्रिकल झाला. पाच महिन्यांपासून शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मेंटेनन्सला आहे. पगार १८ हजार. हात काळे करून घरी येतो. पाहुणे विचारतात, एवढं शिकून वायरमनच झाला का? स्थळंही येत नाहीत. कर्ज काढून त्याला पुण्यात सॉफ्टवेअरचा कोर्स लावायचं आम्ही ठरवलंय. कोणता लावू? - एक पालक, कोल्हापूर

उत्तर : कोर्सचं नाव सांगत नाही. तुमच्या पत्रात पाहुणे आहेत, स्थळं आहेत, कर्ज आहे. मुलगा काय म्हणतो ते कुठेच नाही. तो नोकरी सोडायचं म्हणतोय का? की घरी आल्यावर त्या फर्नेसबद्दल, म्हणजे भट्टीबद्दल, सांगायला जातो आणि कुणी ऐकत नाही? बावीस-तेवीस वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या माणसाचं सगळं परस्पर ठरवून टाकलंत, वर हप्ते बहुधा त्यानेच फेडायचे. हे मला १८ हजारांपेक्षा जास्त खटकलं.

आता 'वायरमन' हा शब्द. वायरमनचं काम हलकं नाही, पण तुमच्या मुलाचं काम वेगळं आहे. फौंड्रीत विजेवर धातू वितळवणारी इंडक्शन फर्नेस चालते, तिथे वीजबिल हा मालकाचा मोठा खर्च असतो. अशा कारखान्यांसारख्या उच्चदाब ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे नुसत्या कामी लागलेल्या विजेवर नव्हे, तर ओढलेल्या एकूण विजेवर. समजा प्रत्यक्ष वापर १ लाख युनिट असला आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामी लागलेला वाटा) ०.८५ असला, तर बिल साधारण १ लाख १८ हजार युनिटचं. तोच ०.९८ वर नेला तर १ लाख २ हजारांचं. त्यासाठी नुसते पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर बसवून भागत नाही. फर्नेसच्या हार्मोनिक्सने, म्हणजे विजेच्या लहरीत येणाऱ्या बिघाडाने, ते तापतात, फुगतात, लवकर निकामी होऊ शकतात. तिथे तो बिघाड गाळणारा फिल्टर लागतो, मोजमाप लागतं. हे ज्याला जमतं त्याला शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी कुठेही काम आहे. पुण्याच्या वर्गात हे शिकवत नाहीत.

महावितरणची भरती, गेट, एमपीएससी हे रस्ते आहेतच; द्यायच्या तर परीक्षा नोकरी सांभाळून द्याव्यात.

पगार कमी आहे, हे मान्य. उद्योजकांनाही सांगतो, इंजिनिअरला १८ हजारांत राबवायचं आणि पोरं पुण्याला पळतात म्हणून रडायचं, हे बरं नव्हे. पण पाच महिन्यांत निकाल लावू नका. निदान दीड-दोन वर्षं काढू द्या. तेवढ्यात त्याने कंपनीची वर्षभराची बिलं मागून घेऊन महिन्यामहिन्याचा पॉवर फॅक्टर मांडून बघावा, आणि सबस्टेशनच्या देखभालीच्या वेळी हटकून हजर राहावं. विद्युत पर्यवेक्षकाच्या परवान्याचे नियम आताच वाचून ठेवावेत, कारण पुढे स्वतःची कंत्राटं घ्यायची झाली तर परवान्याशिवाय गाडं हलत नाही. अनुभवाचा दाखला मात्र कंपनीच्या लेटरहेडवर, पदाच्या नावासह घ्यावा. तोंडी 'मेंटेनन्सला होता' हे कुठेच चालत नाही.