ठरावाने काय होतं?

प्रश्न : नगरपालिकेने पाणी, रस्ते बघावेत. परदेशातल्या अत्याचारांवर ठराव करून काय साधतं? – एक वाचक, सांगली

उत्तर : बरंच काही साधतं, असं माझं ठाम मत आहे. ग्लासगोचंच बघा. १९८१ साली नेल्सन मंडेला तुरुंगात असताना या स्कॉटिश शहराने त्यांना मानाचं नागरिकत्व दिलं. असं करणारं ते पहिलंच शहर. १९८६ मध्ये नगरसेवक आणखी पुढे गेले. दक्षिण आफ्रिकेचा वाणिज्य दूतावास ज्या सेंट जॉर्जेस प्लेसवर होता, त्या जागेचंच नाव त्यांनी ‘नेल्सन मंडेला प्लेस’ केलं. ज्याला डांबून ठेवलं, त्याचंच नाव वर्णद्वेषी सरकारच्या कचेरीच्या पत्त्यात! मला हे फार मोठं वाटतं. १९९३ मध्ये मंडेला स्वतः ग्लासगोला आले.

अर्थात सगळंच टिकतं असं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळाने १९९६ मध्ये, ब्रह्मदेशाच्या (म्यानमारच्या) लष्करशाहीत धंदा करणाऱ्या कंपन्यांच्या सरकारी निविदा १० टक्क्यांनी महाग धरायचा कायदा केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तो एकमताने रद्द ठरवला. पण तोवर ॲपलने याच कायद्याचं कारण देत ब्रह्मदेशातून काढता पाय घेतला होता.