१६व्या शतकातल्या जर्मन तलवारीची प्रतिकृती घ्यावी का? मुठीवरच्या त्या कड्या नुसत्या शोभेच्या असतात का?

तुम्ही लिहिलंय की अडीचशे युरोंना एक तलवार मिळतेय. वर्णनात ‘जर्मन, १५८० च्या सुमाराची, कट अँड थ्रस्ट’ (म्हणजे कापायची आणि भोसकायचीही) असं म्हटलंय आणि मुठीभोवती लोखंडी कड्यांचा गुंता आहे. ही रेपियर (सडपातळ, मुख्यतः भोसकायची तलवार) आहे का, कड्या कशासाठी आणि पैसे घालावेत का, असे तुमचे तीन प्रश्न. तिन्हींचं उत्तर एका बोटात आहे. तर्जनीत.

मी शिक्षणाने मेकॅनिकलवाला, नोकरीने डुसेलडॉर्फमध्ये. गेली सहा वर्षं दर मंगळवारी एका शाळेच्या व्यायामशाळेत, जुन्या ग्रंथांवरून तलवारबाजी शिकणाऱ्या मंडळींत जातो. तलवारी विकत नाही, उलट एकदा फसलोय. ते पुढे येईलच.

घरात लांब दांड्याची जुनी छत्री असेल तर घ्या. मिटून मुठीजवळ घट्ट आवळून धरा आणि दाराच्या कडीला टोक लावायला जा. टोक थरथरतं. आता तर्जनी मोकळी करून छत्रीच्या अंगालगत पुढे ठेवा. टोक गुमान कडीवर जाऊन बसेल. तलवारीचंही असंच. चारही बोटं आवळून वार चांगला बसतो, पण भोसकताना टोकावर ताबा हवा असेल तर तर्जनी मूठ आणि पातं यांमधल्या आडव्या दांड्याच्या पुढे, पात्याच्या बुडाला वेढून ठेवतात. म्हणून तिथे पात्याला धार ठेवत नाहीत. त्या बोथट भागाला रिकासो म्हणतात.

पण बोट पुढे गेलं म्हणजे समोरच्याच्या पात्याला पहिलं तेच सापडणार. मग त्या बोटाभोवती एक कडी आली. तलवार दुधारी, हातात उलटी फिरली तरी चालली पाहिजे, म्हणून दुसऱ्या बाजूलाही तशीच कडी. हाताची मागची बाजू उघडी राहते, तर बाजूला एक मोठं वलय. बोटांच्या पेरांसाठी दांड्यापासून मुठीच्या टोकाच्या गोळ्यापर्यंत (याला पॉमेल म्हणतात) एक कमान. मग या सगळ्यांना जोडणाऱ्या तिरक्या कांबी. आधी गरज, नंतर गुंता आणि मग अर्थातच सोनारकाम. ड्रेस्डेनच्या राजसंग्रहातल्या सॅक्सनीच्या इलेक्टरांच्या (म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यांच्या) तलवारी पाहिल्या की कळतं, हौसेला मोल नसतं म्हणजे काय. तरी त्या दागिन्यांतही बोटाची जागा सोडलेली असते.

हे तेव्हाच का झालं? कारण तलवार चिलखताबरोबरच नव्हे तर रोजच्या कपड्यांवर, कमरेला लावून शहरात फिरायची गोष्ट झाली. लोखंडी हातमोजे घालून कोणी बाजारात जात नाही. हात उघडा, तर संरक्षण मुठीलाच हवं. आपल्याकडे दांडपट्ट्याने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला: कोपरापर्यंत हातच लोखंडात घातला. हात वाचला, पण मनगट जखडलं. जर्मन मुठीने मनगट मोकळं ठेवलं.

आता रेपियर की नाही. योआखिम मायर नावाचा तलवारबाज होता, जन्म बाझेलचा, वस्ती स्ट्रासबुर्गची. त्याने १५७० मध्ये तिथे एक जाडजूड सचित्र ग्रंथ छापला. त्यात ‘रापिअर’ असं स्वतंत्र प्रकरण आहे आणि हे हत्यार दुसऱ्या लोकांकडून जर्मनांत आलं, असं तो स्वतःच सांगतो. चित्रांत मुठी कड्यांच्याच आहेत. पण शिकवताना तो भोसकण्याइतकेच, किंबहुना चढे, वार शिकवतो. म्हणजे त्या काळच्या जर्मनासाठी तुमची तलवार सरळ रापिअर. ‘कट अँड थ्रस्ट’ आणि ‘साइडसोर्ड’ या नावांचा आग्रह आजच्या संग्राहकांचा, कारण रेपियर म्हटलं की आता सगळ्यांना पुढची सडपातळ, जवळजवळ निव्वळ भोसकायची तलवार आठवते. नावावर वाद घालू नका, पातं पाहा: बुडाशी तीन-साडेतीन सेंटिमीटर रुंद, टोकाकडे निमुळतं, दोन्ही धारा खऱ्या, लांबी ९० ते १०० च्या आसपास. तसं असेल तर वर्णन बरोबर आहे.

पातं आणि मूठ एकाच माणसाने केलेली नसायची, हेही लक्षात ठेवा. झोलिंगेन या जर्मनीतल्या पात्यांच्या गावात पातं घडवणारे, पाणी देऊन घासणारे आणि मूठ चढवणारे यांचे वेगवेगळे संघ होते. नुसती पातीही दूरवर विकली जात. पातं विकत घ्या, मूठ आपल्या पद्धतीची बसवा. हे वाचून ‘फिरंग’ (युरोपीय पात्याची आपली तलवार) आठवली असेल तर बरोबर आठवली. कोल्हापूरहून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली, आज ब्रिटिश राजसंग्रहात असलेली तलवार घ्या, तिचंही पातं युरोपीय आहे. मूठ बदलली की त्याच जातीचं पातं वेगळं लढतं. आपल्या मुठीची तबकडी मनगटाला टेकते, हात फार पुढे वाकू देत नाही आणि खांद्यातून येणारा कापता वार उत्तम बसतो. (पात्यावर पळता लांडगा कोरलेला दिसला तर हुरळू नका. ही खूण मूळची पासाउ या दुसऱ्या जर्मन गावाची, पण झोलिंगेनवाल्यांनी ती बिनदिक्कत उचलली. आज प्रतिकृतीवाले उचलतात.)

आता माझं फसणं. पहिली तलवार फोटोंवर भाळून घेतली. कड्या सुबक, पॉलिश आरशासारखं. घरी आल्यावर तर्जनी कडीत घातली तर दुसऱ्या पेरापाशी अडकली. हातमोजा घातल्यावर तर प्रश्नच नाही. म्हणजे ज्यासाठी एवढा लोखंडी संसार मांडला, ते बोटच आत जात नव्हतं! वजन १ किलो ७०० आणि तोल (बोटावर आडवी ठेवली तर तलवार जिथे स्थिर राहते ती जागा) आडव्या दांड्यापासून १८ सेंटिमीटर पुढे, म्हणजे हातात कुदळ धरल्यासारखं. तिसऱ्या महिन्यात मूठ खुळखुळायला लागली. पॉमेल फिरवून काढलं तर आत पात्याची शेपटी म्हणून पेन्सिलीएवढा आटे पाडलेला रॉड वेल्ड केलेला. जोरात वार करताना असं पातं सुटून उडू शकतं. ती आता भिंतीवर आहे, तीही घट्ट बांधून.

म्हणून घेण्याआधी विक्रेत्याकडून वजन आणि तोल कुठे आहे हे आकड्यांत मागवा. अस्सल तलवारी साधारण १ ते १.४ किलोच्या असतात. तोल दांड्यापासून हाताच्या पंजाएवढ्या अंतरात असेल तर ठीक. पोलाद स्प्रिंग स्टील, म्हणजे वाकून पुन्हा सरळ होणारं हवं. लांब पात्याला ‘स्टेनलेस’ लिहिलं असेल तर ती फक्त खिळ्याला लटकवायची वस्तू. पात्याची शेपटी एकसंध, रुंद आणि शेवटी पॉमेलवर ठोकून बसवलेली असावी. आणि बोट कडीत घातलेला फोटो मागा, हातमोज्यासकट. यावर तो टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबा. अडीचशेत हे सगळं जमलेलं मी तरी पाहिलं नाही. साडेतीनशे-चारशेपासून पुढे बरं काही दिसतं, तेही नशीब असेल तर.

जोडीदाराबरोबर खेळायचा विचार असेल तर प्रतिकृती घेऊच नका, बोथट नसली तर मुळीच नाही. सरावाची तलवार वेगळी असते: धार जाड, टोक गोल केलेलं आणि भोसकलं की वाकणारं पातं.

कायद्याचं थोडक्यात. जर्मनीत धारदार तलवार १८ वर्षांवरील कोणालाही घेता येते, पण रस्त्यावर घेऊन हिंडता येत नाही. कुलूप लावलेल्या पिशवीतून न्यायची. भारतात तलवार १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कक्षेत येते. गावी न्यायचं मनात असेल तर विमानतळावर अडवल्यावर नव्हे, आधीच कस्टम्सला लेखी विचारा.

आणि पैसे देण्यापूर्वी एक रविवार झोलिंगेनच्या ग्रेफ्राटमधल्या पात्यांच्या संग्रहालयात घालवा. जुन्या मठात आहे. काचेपलीकडच्या मुठींत मनातल्या मनात बोट घालून पाहा आणि मग विक्रेत्याचे फोटो पुन्हा उघडा. त्याने वजन-तोलाचे आकडे पाठवले की इथे टाका, बघून सांगतो.