जोपारा म्हणजे मिसळ, दोन्ही अर्थांनी

प्रश्न असा आला आहे: 'कामानिमित्त दोन महिने पराग्वेला जायचं आहे. स्पॅनिशचा वर्ग लावलाय. पण तिथले लोक जोपारा बोलतात असं कळलं. ही तिसरीच भाषा आहे का? आणि शोधायला गेलं की उसळीसारख्या पदार्थाचे फोटो का येतात?'

फोटो बरोबर आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांच्या ग्वारानी भाषेत जोपारा म्हणजे सरमिसळ. मका, शेंगांमधले दाणे, भाज्या, कधी मांस असं एकत्र शिजवलेल्या पदार्थालाही तेच नाव. आपण 'मिसळ' म्हणतो त्यातलाच प्रकार. हा जोपारा १ ऑक्टोबरला आवर्जून करतात. जुनं धान्य सरत आलेलं आणि नवं हाती यायचं, असा तो तंगीचा महिना. त्या दिवशी गवती टोपी घातलेला, हातात चाबूक घेतलेला 'कराई ऑक्तूब्रे' घरोघर डोकावतो आणि ज्याच्या चुलीवर जोपारा नसेल त्याच्या मागे वर्षभर टंचाई लावून जातो, अशी समजूत आहे. गंमत त्याच्या नावात आहे. 'कराई' म्हणजे महाशय, हा शब्द ग्वारानी, 'ऑक्तूब्रे' स्पॅनिश. म्हणजे बुवाचं नावच जोपारा!

बोलण्यातला जोपाराही असाच. ती तिसरी भाषा नव्हे. १९९२च्या राज्यघटनेनुसार पराग्वेच्या अधिकृत भाषा दोन, स्पॅनिश आणि ग्वारानी. चलनाचं नावसुद्धा ग्वारानीच. या दोन भाषा रोजच्या तोंडी एकमेकींत मिसळतात, त्याला जोपारा म्हणतात. प्रमाण ठरलेलं नाही, माणसागणिक बदलतं. 'अहा एस्क्वेलापे' हे वाक्य घ्या. 'अहा' म्हणजे मी जातो, 'एस्क्वेला' ही स्पॅनिश शाळा आणि 'पे' हा ग्वारानी प्रत्यय, आपल्या 'ऑफिसात'मधल्या 'त'सारखा. क्रियापदांत तर ग्वारानी आपल्याही पुढे जाते. आपल्याला 'स्टडी'ला 'करणे' जोडावं लागतं. तिथे 'आएस्तुदियाता' म्हटलं की झालं: पुढचा 'आ' म्हणजे मी, शेवटचा 'ता' भविष्यकाळाचा, मधलं धातुरूप स्पॅनिश. याला 'बिघडलेली ग्वारानी' म्हणणारे तिथेही आहेत. मला ते पटत नाही. शब्द उसना असला तरी त्याला वळवणारं व्याकरण घरचंच आहे.

वर्गात तुम्हाला 'नोसोत्रोस' म्हणजे 'आम्ही' असं शिकवलं असेल. त्या एका शब्दात आपलं भागत नाही आणि ग्वारानी बोलणाऱ्याचंही भागत नाही. त्यांच्याकडे 'न्यान्दे' आणि 'ओरे' असे दोन शब्द आहेत. न्यान्दे म्हणजे तुम्हाला धरून आपण, ओरे म्हणजे तुम्हाला वगळून आम्ही. 'ओरे रोगा' म्हणजे आमचं घर, 'न्यान्दे रोगा' म्हणजे आपलं घर. (रोगा ऐकून दचकू नका, ते घरच आहे.) हा भेद हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, गुजरातीत आहे, तमिळ-तेलुगूत आहे. मराठीत तो द्राविडी शेजारातून आला असं बरेच अभ्यासक मानतात. ग्वारानीशी आपलं असं काही नातं नाही, तिचं तिनेच घडवलंय. पण स्पॅनिशभाषकाला जे घोकावं लागतं ते तुम्हाला आयतं मिळणार.

राजधानी असुन्सिओनमध्ये स्पॅनिशवर निभावेल. खेड्यात ग्वारानीची गरज जास्त. ब्राझीलच्या सीमेकडे पोर्तुगीज कानी पडेल, चाको भागातल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतींत एक जर्मन बोली. इग्वासूचा धबधबा बघायला गेलात तर ते नावही ग्वारानीतलंच, अर्थ 'मोठं पाणी'.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आपण 'आपण बसावं' असं म्हणून समोरच्याला मान देतो, ते न्यान्देला चालत नाही. समोर आजोबा असोत की नातू, ग्वारानीत एकट्या माणसासाठी 'न्दे' हाच शब्द. पहिल्या दिवशी जीभ जरा अडखळेल.