घाम गळतो, तरी अंग तापलेलंच का?

प्रश्न : मुलगा तालमीत जातो. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा गार, तरी जोर-बैठका मारताना घामाच्या धारा लागतात आणि अंग तापलेलंच राहतं. असं का?
– एक पालक, शिवाजी पेठ

उत्तर : स्वस्थ बसलेलं शरीर साधारण 100 वॅटच्या बल्बइतकी उष्णता टाकतं, ती त्वचेवाटे सहज निघून जाते. व्यायामात मात्र स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग कामी येतो, बाकी सगळी उष्णता. मेंदूतला हायपोथॅलॅमस मग त्वचेकडे रक्त वाढवतो आणि घाम सोडतो. पण गारवा घाम येण्यानं नव्हे, तो वाळण्यानं मिळतो. 1 लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. टपकून हौद्यात, म्हणजे आखाड्याच्या मातीत, पडलेला घाम काहीच नेत नाही. पावसाळी दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यात तालमीच्या खिडक्या बंद! त्या उघडा, पंखा लावा.

व्यायामाआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. 1 किलो घटलं म्हणजे साधारण 1 लिटर पाणी गेलं. ते घोटाघोटानं, चिमूटभर मीठ घातलेल्या ताकासोबत भरून काढा. एकदम ढोसल्यास रक्तातलं सोडियम उतरू शकतं. बैठका संपल्यावर लगेच बसू नये. रक्त पायांत साचून चक्कर येते. पाचेक मिनिटं फिरावं.

कुस्तीत हव्या त्या वजनगटात बसण्यासाठी प्लॅस्टिक गुंडाळून घाम काढणं निव्वळ घातक. मुलगा असंबद्ध बोलू लागला, तोल गेला, तर आधी थंड पाण्यात बसवा, डोकं वर धरा आणि 108 ला फोन करा.