जिवलग मैत्रिणीचं लग्न तळ्याकाठच्या जुन्या लाकडी लॉजवर आहे. दोन दिवस तिथेच राहायचंय. कपडे कसे नेऊ आणि आणखी काय तयारी ठेवू?

कपड्यांचं आधी सांगते. टोकदार टाचेची चप्पल नको. तळ्याकाठची जमीन वरून कोरडी दिसली तरी आत ओली असते, टाच रुतते. धक्क्याच्या फळ्यांमधल्या फटीत तर हमखास अडकते. सपाट तळव्याचं काहीतरी घाला. ऊन उतरलं की ओलसर गारवा सुटतो, म्हणून एक जाड शाल हाताशी ठेवा.

पण मला खरं सांगायचंय ते वाऱ्याबद्दल. माझ्या मैत्रिणीचं लग्न अशाच जागी झालं. दुपारी चारला दोघं अगदी पाण्याच्या कडेला उभी राहिली आणि तिने त्याच्यासाठी लिहून आणलेलं वाचायला घेतलं. महिनाभर ती ते लिहीत होती, रात्री फोन करून मला तुकडे वाचून दाखवायची. तिसऱ्या रांगेच्या मागे एक अक्षर पोचलं नाही. माईकमधून नुसती फरफर. तिचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो.

उन्हात जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला तळ्यावरची गार हवा काठाकडे येते. तळं मोठं असेल तर निरभ्र दिवशी दुपारभर हा वारा असतो आणि सूर्य मावळतीला आला की बहुधा पडतो. मला हे तेव्हा ठाऊक असतं तर मी तिला म्हटलं असतं, दीड तास थांब. तुम्ही तुमच्या मैत्रिणीला नक्की म्हणा. आदल्या दिवशीच पोचा आणि ज्या वेळी समारंभ आहे त्याच वेळी त्या जागी उभं राहून मोठ्याने बोलून बघा. वेळ बदलणं शक्य नसेल तर निदान माईकला फोमची टोपी लावायला सांगा आणि तिचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून द्या. जवळच्या माणसानेच ही कामं करावीत, तिला त्या दिवशी कशाचंच भान नसतं.

वारा पडला की डास येतात, हे मात्र खरं. डास उडण्यात दुबळा असतो, त्यामुळे बसायच्या जागी दोन-तीन मोठे पंखे लावले तरी खूप फरक पडतो. अंगाला लावायचं मलम डीट किंवा पिकारिडिन (डासांना दूर ठेवणारी रसायनं) असलेलं घ्या. सनस्क्रीन लावणार असाल तर ते आधी, हे नंतर.

रात्री दारू पिऊन कुणी पाण्यात उतरत असेल तर सरळ अडवा, वाईटपणा आला तरी चालेल. पाणी हवेपेक्षा साधारण २४ पट अधिक उष्णतावाहक असतं, शरीर फार झपाट्याने गार पडतं, आणि अंधारात कुणी बुडतंय हे काठावरून दिसतही नाही.

खोल्यांचं फार मनावर घेऊ नका. लाकडी भिंतींतून शेजारचं खोकणंही ऐकू येतं, कानात घालायचे बोळे न्या.

त्या रात्री सगळे झोपायला गेल्यावर आम्ही दोघी धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसलो. मी म्हटलं, मला आता सगळं वाचून दाखव. तिने दाखवलं, पहिल्या ओळीपासून, अगदी हळू आवाजात. पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर न विरता खाली वळतो आणि लांबवर जातो. सकाळी चहाच्या वेळी नवऱ्याच्या आजीने तिला जवळ बोलावलं. आजींना झोप येत नव्हती म्हणून त्या ओसरीवर बसल्या होत्या. तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काल दुपारी काही कळलं नव्हतं गं. रात्री सगळं ऐकलं."